बसऱ्याच्या वाटेवर कोणी कोणाला उचललं

पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं होत आली होती, त्या सुमारास मी पुन्हा विद्यापीठाची पायरी चढले. मुलं शिकायला बाहेरगावी गेली होती, नवरा रिफायनरीत, त्याच्या पाळ्या बदलत्या, आणि दुपारच्या घरात कुकरच्या शिट्टीखेरीज कोणाचा आवाज नव्हता. इतिहासात एम.ए. करून इतकी वर्षं लोटली होती, की पदवीचा कागद कुठल्या कपाटात आहे हेही मला आठवत नव्हतं. वर्गात माझ्या शेजारी बसणारी गुजराती मैत्रीण मात्र तिथेच राहिली होती. शिकली, शिकवायला लागली, आणि आता विभागात प्राध्यापक होती. तिनंच मला बोलावलं.

तिच्या मनात एक काम होतं. शंभर वर्षांच्या निमित्तानं सगळीकडे कार्यक्रम होणार, भाषणं होणार, फुलं वाहिली जाणार, आपल्याही विद्यापीठात होणार. पण बडोद्यातून जी माणसं त्या लढाईत गेली त्यांच्या घरी आज काय उरलंय, हे कोणीतरी जाऊन विचारायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. सरकारी दप्तरात पलटणींची नावं सापडतात, साध्या माणसांची फारशी नाही. आणि गेलेल्यांत मराठी घरं बरीच. तिचं मराठी माझ्या आईकडे पुरणपोळी मागण्यापुरतं. म्हणून मी.

आम्ही वर्तमानपत्रांत निवेदन दिलं, मराठीत आणि गुजरातीत. आपल्या घरातलं कोणी पहिल्या महायुद्धात गेलं होतं का, आठवणी असतील तर कळवा. आले ते बहुतेक दुसऱ्याच लढाईचे. एक गृहस्थ वडिलांचा फोटो घेऊन आले, तो दुसऱ्या महायुद्धातला निघाला. एक बाई एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या दिराबद्दल बोलायला आल्या आणि बोलता बोलता रडल्या. त्यांना 'आम्हाला हे नको' असं सांगायला मैत्रिणीची जीभ रेटेना, म्हणून ते सगळंही आम्ही ऐकून घेतलं. एक जण घराण्याची तलवार घेऊन आला होता. ती कुठल्याच लढाईची नसावी.

मग निजामपुऱ्यातून फोन आला. एक सून बोलत होती. सासूबाईंनी निवेदन वाचलंय, त्यांचे वडील बसऱ्याला गेले होते, पण सासूबाईंना जिना उतरवत नाही, तेव्हा तुम्हीच घरी या, असं तिनं सांगितलं.

सासूबाई म्हणजे ऐंशी कधीच ओलांडलेल्या, ताठ बसणाऱ्या बाई. मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलेलं, ती शाळा आता बंद झालेली. मला पाहिल्या पाहिल्या त्यांनी माझं माहेर कुठलं, वडील कशात होते, आजोबा सरकारी नोकरीत होते की दुकानात, हे सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, मला मावशी म्हण. मी रेकॉर्डर काढला तर त्यांनी आधी पदर सारखा केला, जसा काही फोटो निघणार होता.

त्यांचे वडील मराठा पलटणीत होते. अगदी तरुण असताना भरती झाले, मुंबईहून जहाजानं इराकमधल्या बसऱ्याला गेले आणि लढाई संपल्यावर परत आले. मावशी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेल्या. त्यांना आठवतात ते वडील दुकानात हिशेब लिहिणारे, शांत, जरा लंगडत चालणारे. पोटरीवर मोठा व्रण होता. थंडीत तो दुखायचा आणि मावशी लहानपणी त्याला तेल चोळून द्यायच्या. लढाईचं ते काही बोलत नसत. बंदूक कशी असते, शत्रू कसा दिसतो, असं मुलं विचारायची तेव्हा म्हणायचे, तिकडे ऊन फार होतं. बस, तेवढंच.

"पण एक गोष्ट मात्र सांगायचे," मावशी म्हणाल्या. "ती इतक्यांदा सांगितली की मला पाठ आहे."

पलटण नदीकाठानं वर गेली होती आणि मागे फिरावं लागलं होतं. पोटरीत गोळी लागून वडील वाटेवर पडले. पुढचे पुढे गेले. कोणाला थांबायची सवड नव्हती आणि थांबावं असं कोणाच्या अंगात बळही नव्हतं. तेव्हा पलटणीला पाणी पुरवणारा एक भिस्ती मागून आला. तो बडोद्याचाच, मांडवीच्या मागच्या गल्लीतला. जहाजावर दोघांची ओळख झालेली, तीही एवढ्यावरच, की दोघांना एकच गाव माहीत. त्या भिस्त्यानं आपली पाण्याची पखाल खांद्यावरून काढून टाकून दिली आणि मावशींच्या वडिलांना पाठीवर घेतलं. जखमींना न्यायची होडी लागली होती तिथवर तो त्यांना घेऊन चालत गेला.

"पखाल टाकून दिली," मावशींनी पुन्हा सांगितलं. "भिस्त्यानं पखाल टाकायची म्हणजे शिपायानं बंदूक टाकण्यासारखं. त्याला शिक्षा झाली असती."

दोघंही जिवंत परतले. पुढे दर दसऱ्याला वडील मावशींचं बोट धरून सोनं द्यायला निघायचे, ते आधी भिस्तीकाकांकडे. नात्यातल्या वडीलधाऱ्यांना नंतर. त्यावरून घरात कुरकुर व्हायची, पण वडील ऐकत नसत. ईदेला भिस्तीकाका यांच्याकडे शीरकुर्मा घेऊन यायचे. ते उंबऱ्याच्या आत यायला संकोचत, तर वडील स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन त्यांच्याशेजारी बसत. भिस्तीकाकांच्या अंगाला ओल्या कातड्याचा वास यायचा, असं मावशी म्हणाल्या. त्यांना तो वास त्या क्षणी आला असावा असं मला वाटलं.

वडील गेल्यावर काही वर्षं भाऊ जात राहिला. मग भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला, मावशी लग्न होऊन निजामपुऱ्यात आल्या, गावात कर्फ्यूची वर्षं आली, त्या गल्लीत जायचं तर सासरी कोणाला सांगायचं हा प्रश्न पडायला लागला, आणि जाणं राहून गेलं. एकदा राहिलं ते राहिलंच.

मी निघाले तेव्हा मावशींनी माझा हात धरला. "प्रदर्शनात तुम्ही काय लावायचं ते लावा," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्या घरचं कोणी आहे का, ते बघशील? माझ्याच्यानं आता होत नाही."

मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला आठी घातली. ती म्हणाली, आपण संशोधन करतोय, हरवलेले नातेवाईक शोधायचं काम नाही. पण दुसऱ्याच दिवशी तिनंच विचारलं, मांडवीला कधी जातेस? भिस्ती, मोची, स्वयंपाकी, खेचरवाले अशी पलटणीबरोबर गेलेली कितीतरी माणसं होती, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही घरापर्यंत आम्ही पोचलो नव्हतो. हे तिलाही टोचत असणार.

मांडवीच्या मागची ती गल्ली मला सापडली, पण तिथे आता सगळी भांड्यांची आणि प्लास्टिकच्या सामानाची दुकानं. भिस्त्याचं घर म्हटल्यावर तरुण लोक माझ्याकडे बघत राहायचे. शेवटी एका म्हाताऱ्या बांगडीवालीनं सांगितलं, ते लोक कधीचेच तांदळज्याला राहायला गेले, पण त्यांचं लेस-बटणांचं दुकान लहरीपुऱ्यात आहे, दुपारी म्हातारबाबा येऊन बसतात.

दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाइकानं रस्त्यावरच उभं राहायचं. आत मुलगा लेस मोजून देत होता आणि कोपऱ्यात स्टुलावर एक किरकोळ अंगाचे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. मी विद्यापीठातून आले म्हटल्यावर त्यांनी मुलाला सांगून माझ्यासाठी दुसरं स्टूल बाहेर टाकलं. मी त्यांना चाचा म्हटलं. तुमचे वडील बसऱ्याच्या लढाईत पाणी वाहायला गेले होते का, असं विचारलं. ते हो म्हणाले. मग मी विचारलं, कोणा मराठा शिपायाचं नाव घरात निघायचं का?

चाचांचा चेहराच बदलला. "मराठा काका," ते म्हणाले. "दसऱ्याला यायचे. बरोबर एक छोकरी असायची."

मला इतका आनंद झाला की मी मावशींची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. पण त्यांना घाई होती. हातानंच मला थांबवून ते स्वतः सांगू लागले, गुजरातीत, मधूनमधून माझ्यासाठी एखादा मराठी शब्द शोधत. त्यांच्या अब्बांना तिकडे ताप भरला होता. पलटण मागे फिरली होती. पाणी वाहता वाहता अब्बा वाटेवरच कोसळले. भिस्त्यासाठी कोण थांबणार? तेव्हा तो मराठा जवान थांबला. त्यानं अब्बांच्या खांद्यावरची पखाल काढून टाकली, त्यांना पाठीवर घेतलं आणि नदीपर्यंत नेलं.

मी म्हटलं, चाचा, म्हणजे तुमच्या अब्बांनी त्यांना नेलं असेल.

"उलटुं छे, बेन," ते शांतपणे म्हणाले. "एमणे मारा अब्बाने ऊंचक्या हता." त्यांनीच माझ्या अब्बांना उचललं होतं.

मग त्यांनी लहानपणी पडलेलं एक कोडं मला सांगितलं. ज्याच्यावर उपकार झाले त्यानं उपकार करणाऱ्याच्या दारी जावं, ही रीत. मग सणाला मराठा काका आपल्याकडे आधी का येतात, असं त्यांनी एकदा वडिलांना विचारलं होतं. अब्बा म्हणाले होते, तो मला जाऊ देत नाही, माझ्या आधी स्वतःच येऊन उभा राहतो. माणूसच तसा आहे.

मावशींकडची गोष्ट मी तिथे काढली नाही. चहा प्यायले, पुन्हा येते म्हटलं आणि लहरीपुऱ्याच्या दरवाजातून बाहेर आले. रिक्षात बसल्यावर मला एकटीलाच हसू येत होतं. दोन घरं, साठ-सत्तर वर्षं, आणि दोन्ही घरांत मुलांना हेच शिकवलेलं, की आपण जिवंत आहोत ते त्यांच्यामुळे.

मैत्रीण ऐकून बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. ती अभ्यासू बाई. तिनं आधी जे शोधता येईल ते शोधलं. पलटण कुठे होती, जखमींना कुठून कुठे नेलं, हे तिला साधारण कळलं, पण एका शिपायाला एका भिस्त्यानं नेलं की भिस्त्याला शिपायानं, हे कोण लिहून ठेवणार? तिनं ते प्रामाणिकपणे मान्य केलं. मग म्हणाली, प्रदर्शनात ही गोष्ट लावायची तर दोन्ही लावायच्या, शेजारी शेजारी, आणि खाली आपलं मत लिहायचं नाही. पण त्यांनी ती आधी भिंतीवर वाचायला नको. तू जाऊन सांग.

तर मी सांगायला गेले. मला वाटलं होतं मावशी हसतील. मीच इतकी खूश होते, की त्यांना दुसरं काही वाटू शकेल हे माझ्या मनातच आलं नाही. चाचा सापडले हे ऐकून त्यांनी खरंच हात जोडले. पुढचं ऐकता ऐकता मात्र त्यांचा चेहरा उतरत गेला. सुनेनं पोह्यांची बशी पुढे ठेवली होती, तिला त्यांनी हात लावला नाही.

"म्हणजे बाबा आमच्याशी खोटं बोलले?" त्यांनी विचारलं.

मी घाईघाईनं म्हटलं, तसं नाही, कदाचित चाचांच्या वडिलांनीच जरा बदलून सांगितलं असेल. ते त्यांना त्याहून लागलं.

"भिस्तीकाका खोटं बोलणारे नव्हते," त्या म्हणाल्या, आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

सूनबाई मला दारापर्यंत सोडायला आली. तिनं मला दोष दिला नाही, उलट म्हणाली की इतक्या वर्षांत सासूबाईंना वडिलांविषयी इतकं बोलताना आम्ही ऐकलं नव्हतं. पण त्या कार्यक्रमाला येतील असं मला वाटत नाही, असंही तिनं सांगितलं. चाचांनाही मी फोनवर दुसरी बाजू सांगितली. मग ते इतकंच म्हणाले, की माझे अब्बा पाचही वेळा नमाज पढणारे, पाण्यावर हात ठेवून शपथ घ्यावी तसं खरं बोलणारे होते. त्यांनी रागानं म्हटलं नाही, पण फोन ठेवून दिला.

ते दिवस मला जड गेले. विभागात आम्ही बोर्डांवर चिकटवायचा मजकूर तपासत होतो, नकाशे लावत होतो, पाहुण्यांच्या खुर्च्यांचं बघत होतो, आणि माझं मन सारखं निजामपुऱ्यात. दोन सुखी आठवणी होत्या, वेगवेगळ्या घरांत नीट जपलेल्या, आणि मी त्या एकमेकींवर नेऊन आपटल्या. मैत्रीण म्हणाली, आठवणी इतक्या नाजूक नसतात, थोडं थांब.

तिचं खरं झालं. कार्यक्रमाला थोडे दिवस उरले असताना मावशींचाच फोन आला. सुनेनं लावून दिला नव्हता, त्यांनी स्वतः लावला होता, कारण आधी नुसती बटणं दाबल्याचे आवाज येत होते. त्या म्हणाल्या, मी रोज विचार करतेय. बाबांच्या पोटरीवरचा व्रण मी या हातांनी चोळलाय, तेव्हा गोळी लागली हे खरं. गोळी लागलेला माणूस दुसऱ्याला पाठीवर कसा घेईल? आणि भिस्तीकाका खोटं बोलत नव्हते हेही खरं. मला काही उलगडत नाही. त्यांच्या मुलाला मी भेटते. कुठे भेटायचं ते तू ठरव.

निजामपुऱ्याचा जिना चाचांना चढवला नसता आणि लहरीपुऱ्याच्या गर्दीत मावशींना नेणं शक्य नव्हतं. मग कार्यक्रमाच्याच दिवशी, विद्यापीठात, लवकर या असं मी दोघांना कळवलं.

मावशींना शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून जिना उतरवला. त्या मोतिया रंगाची, बारीक जरीच्या काठाची साडी नेसल्या होत्या. मी त्यांना सभागृहाबाहेरच्या लांब व्हरांड्यात बाकावर बसवलं. आत माईक तपासत होते. बाहेर पोलिसांच्या बँडची माणसं पिंपळाखाली वाद्यं पुसत उभी होती. चाचा मुलाबरोबर रिक्षातून उतरले, इस्त्रीचा पांढरा झब्बा घातलेले, आणि काठी टेकत व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून यायला लागले. मावशी त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, की ते चालत आले तेव्हा भिस्तीकाकाच येताहेत असं त्यांना वाटलं.

चाचा समोर येऊन उभे राहिले. नमस्कार, सलाम, काहीच झालं नाही. त्यांनी निरखून पाहिलं आणि गुजरातीत विचारलं, "तू तीच ना, जी शीरकुर्म्यातले बेदाणे वेचून बाजूला ठेवायची?"

मावशी म्हणाल्या, बेदाणे त्यांना अजून आवडत नाहीत.

मग ते शेजारी बसले. मी जरा अंतरावर उभी राहिले, पण चाचांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघंही मोठ्यानं बोलत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. सुरुवातीला त्यांनी गेलेल्यांची विचारपूस केली, कोण कधी गेलं, काय झालं होतं. मग मावशींनी मुद्द्याला हात घातला. अगदी शिक्षिकेसारखं, पहिल्यापासून, त्यांनी आपली गोष्ट सांगितली. चाचांनी मान हलवत ऐकलं आणि मग आपली सांगितली. दोघंही आपापल्या जागेवरून हलेनात. माझे बाबा म्हणायचे, तुमचे अब्बा नसते तर मी तिथेच राहिलो असतो. माझे अब्बा म्हणायचे, मराठा नसता तर मी नसतो. भांडणच होतं ते, पण त्यात प्रत्येक जण दुसऱ्याच्या बापाची बाजू घेऊन भांडत होता.

शेवटी मावशींनी विचारलं, "पखाल कोणी टाकली? हे तुमच्याकडे काय सांगतात?"

चाचा म्हणाले, मराठा काकांनी टाकली. त्यावरून अब्बांनी नदी येईपर्यंत त्यांना शिव्या घातल्या. तापात होते, पाय उचलत नव्हता, पण पखाल गेली म्हणून पाठीवरून शिव्या देत होते.

मावशी एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांच्या बाबांनी हेच सांगितलं होतं, फक्त उलटं. की भिस्तीकाकांनी मला पाठीवर घेतलं आणि नदी येईपर्यंत, माझी चांगली पखाल तुझ्यापायी गेली, म्हणून शिव्या देत राहिले. बाबा त्यांच्या शिव्या जशाच्या तशा म्हणून दाखवायचे आणि आई त्यांना गप्प करायची. चाचांना त्यातली एक शिवी माहीत होती. ती त्यांनी दबक्या आवाजात म्हटली, आणि मावशींनी तोंडावर पदर घेतला.

हसणं ओसरल्यावर चाचा जमिनीकडे बघत म्हणाले, मला वाटतं दोन्ही झालं असेल. वाट लांब होती. एकदा यानं त्याला नेलं असेल, कधी त्यानं याला. ताप उतरतो, चढतो. गोळी तर वाटेत नंतरही लागू शकते.

मावशींनी मांडीवरचा जरीचा काठ सारखा केला.

"तसंही असेल," त्या म्हणाल्या. "आणि घरी आल्यावर दोघांनी आपापलं काढून टाकलं. दुसऱ्याचं तेवढं ठेवलं."

चाचांनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात बँड वाजायला लागला, त्यामुळे पुढे ते काय बोलले ते मला कळलं नाही.

कार्यक्रम जसे होतात तसा झाला. पाहुणे म्हणून आलेले निवृत्त लष्करी अधिकारी मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी छापून आणलेलं भाषण निम्म्यावर सोडलं आणि म्हणाले, त्यापेक्षा ज्यांच्या घरचे गेले होते त्यांना ऐकू. मैत्रिणीनं दोघांना व्यासपीठावर बोलावलं. पायऱ्या चढताना मावशींनी माझा खांदा धरला आणि चाचांनी मुलाचा.

आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या मावशींनी माईक दोन्ही हातांनी धरला. मग त्यांनी गुजरातीत, चाचांना कळावं म्हणून, चाचांच्या अब्बांनी आपल्या बाबांना कसं उचललं ते सांगितलं. चाचांनी माईक घेतला आणि मोडक्यातोडक्या मराठीत मावशींच्या बाबांनी आपल्या अब्बांना कसं उचललं ते सांगितलं. मावशींना सांगायचं म्हणून त्यांनी ते मराठी दुकानात बसून मुलाकडून आणि गिऱ्हाइकांकडून तयार करून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. सभागृहात आधी लोक गोंधळले, एकमेकांकडे बघायला लागले. मग कळत गेलं तसतसं शांत झाले. पुढच्या रांगेत ते अधिकारी चष्मा काढून पुसत बसले होते.

बाहेरच्या प्रदर्शनात त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी लावल्या होत्या, एक मराठीत आणि एक गुजरातीत. बडोद्याच्या बऱ्याच माणसांना दोन्ही वाचता येतात, त्यामुळे लोक एक वाचून दुसरीकडे वळायचे आणि पुन्हा पहिलीकडे यायचे. माझी मैत्रीण त्यांच्यामागे उभी राहून ते बघत होती. पुढे तिनं यावर एक निबंध लिहिला आणि बाहेरगावी एका परिषदेत वाचला. तिथे कोणीतरी विचारलं, पण यातली खरी घटना कुठली? ती म्हणाली, मला घटना ठरवता आली नाही, पण दोन माणसं आपल्या मुलांना काय देऊन गेली ते मला नक्की सांगता येतं. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज जरा कापत होता. स्वतः काही चांगलं बोलून गेली की वर्गात असतानाही तिला असं व्हायचं.

माझं काम वर्षभरात संपलं. त्यानंतरही मी अधूनमधून निजामपुऱ्याला जात राहिले. मावशी आता फारशा उठत नव्हत्या, पण फोन उशाशी असायचा. चाचांना येणं जमत नव्हतं, यांना जाणं जमत नव्हतं, म्हणून जेवणं झाली की ते फोनवर बोलायचे. सून म्हणाली, आधी मला वाटलं रोज त्या लढाईचंच बोलत असतील. तर लढाई कधीच नाही. याच्या गुडघ्याला कुठलं तेल लागू पडलं, त्याच्या नातवाचं लग्न कुठे ठरतंय, कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन.

एका थंडीच्या दिवसांतल्या दुपारी मी गेले तेव्हा मावशी फोन कानाला लावून, डोळे मिटून ऐकत होत्या. मला त्यांनी हातानं बसायची खूण केली. चाचांच्या घरी उंधियू करायचं असावं, कारण सुरती पापडी नीट मिळत नाही यावर दोघांचं जोरात चाललं होतं. मावशी म्हणत होत्या की मंगळबाजारात मिळते, नीट बघितलं पाहिजे. चाचा काहीतरी म्हणाले. त्यावर मावशी म्हणाल्या, "मग मुलाला पाठवा. तुम्ही स्वतः जाऊ नका, थंडी आहे."